खांद्याला न लागणारा मामा

मरणाला पाऊल जुळवून चालायला लावणारा माणूस आमच्या मुलखात एकच झाला, आणि तो माझा मामा. खानापूरपासून चिकोडीपर्यंत कुणालाही विचारा. सख्खा नव्हे, आईचा मावसभाऊ. पण शहापुरात आमच्या विणकर गल्लीत सख्खं-चुलत बघत बसलं तर माणसाला हाक मारेपर्यंत सकाळची दुपार व्हायची. मामा उभा असला तरी लोक त्याला "बसा" म्हणत नसत, तो बसलाच आहे असं वाटे. त्याच्या कोटासाठी आणलेल्या कापडातून कोट होऊन वर शिंप्याच्या दोन पोरांच्या बंड्या निघत. आवाज मात्र देवानं घाईगर्दीत हत्तीचा बसवून दिला होता. मागावर बसून तो बहिणीला पाणी मागायचा आणि पलीकडं वडगावातल्या बाया तांबे घेऊन निघायच्या.

ह्या उंचीनं त्याचा पहिला घात केला तो बापाच्या तिरडीखाली. थोरला भाऊ विस्तवाचं मडकं धरून पुढं होता, म्हणून मामानं उजवीकडून खांदा दिला. तिरडी उचलली तशी त्याच्या बाजूला कलली आणि म्हातारा दोऱ्यांतून घसरायला लागला. चुलता ओरडला, "बाजूला हो रं! बा पडंल की खाली!" मामा बाजूला झाला आणि स्मशानापर्यंत बांबूला नुसतं बोट लावून, चवड्यांवर चालत गेला. "बाला खांदा दिला न्हाय मी," हे तो पुढं जन्मभर, कुणी विचारो न विचारो, चहा पितानासुद्धा म्हणायचा.

मग संस्थानच्या खर्चानं तो विलायतेला कापडविद्या शिकायला गेला. तिथल्या विद्यापीठात शिकायला आलेल्यानं कुठला ना कुठला खेळ खेळलाच पाहिजे, अशी चाल. कुस्तीवाल्यांनी त्याला हात जोडले. फुटबॉलवाल्यांनी एकदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा तो त्यांना गवतात सापडला नाही. शर्यतीच्या नावेवाल्यांनी मात्र आनंदानं उचलूनच घेतलं. ती नाव सुईसारखी लांब. आठ दांडगे गोरे वल्ही मारतात, तेही जायच्या दिशेला पाठ करून. पुढं बघणारा एकच, शेपटाशी बसलेला नववा. त्यानं सुकाणू धरायचं आणि ओरडून ताल द्यायचा. तो वजनानं जितका नसेल तितका बरा. "भाच्या, जगात एक जागा माझ्या मापाची निघाली बघ," मामा म्हणायचा. "समदे माझ्याकडं तोंड करून बसल्यात, आन् मी त्यांच्यासाठी पुढं बघतोय." इंग्रजी ताल काही त्याला जमेना. मग त्यानं आमच्या गल्लीतला माग आठवला. धोटा सुटतो तो खटाक्, फणी आपटते ती खट. त्यावर तो गरजला, "वढ... सोड! वढ... सोड!" नाव अशी सुटली की काठावरची झाडं मागं पळायला लागली ती अजून थांबलेली नाहीत. आठही साहेबलोक पुढं झोपेत "वढ, सोड" बरळायचे म्हणे. ह्यातलं निम्मं मी घातलंय. कुठलं निम्मं ते सांगत नाही.

मग लढाई पेटली. आठही जण एकाच दिवशी पलटणीत नाव घालायला गेले, त्यांच्यामागून मामा. तिथल्या साहेबानं त्याला भिंतीवरच्या पट्टीला टेकवलं आणि हसून परत पाठवलं. "तितंबी माझा खांदा लागला न्हाय," मामा म्हणायचा, आणि पुढचं फार थोडक्यात सांगायचा. दोन हिवाळे गेले आणि नावेत बसायला एकही उरला नाही. नाव भिंतीला टांगली. मामा परत आला.

आला तो डोक्यात आठ माणसं घेऊनच. निपाणीजवळ वेदगंगेला पूर होता, तेव्हा त्यानं आम्हा तालमीतल्या आठ पैलवानांना गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवलं. आमच्याकडं पूर ओलांडायला लोक गूळ शिजवायची काहीलच पाण्यात सोडतात. पण काहील पडली गोल, तिला ना तोंड ना शेपूट. मामा गरजला, आम्ही इमानानं ओढलं आणि ती जागच्या जागी जात्यासारखी गरगरायला लागली. मी ओकता ओकता ओरडलो, "मामा, ह्येचं पुढं कुठलं?"

"मी बघतोय त्ये पुढं!" मामा गरगरत म्हणाला.

त्याच साली, पाऊस सरता सरता, मानमोडीचा ताप आला. आमच्या गल्लीचा रिवाज असा, की मयत निघालं की घराघरातले माग थांबवायचे. त्या तापात थांबवायला मागच चालू उरले नाहीत. मामाचा थोरला भाऊ गेला. सकाळपासून तो सोप्यात पडून, उचलायला कुणी येईना. ज्यांना ताप नव्हता त्यांना भीती होती. दुपारी मामा आमच्या दारात उभा राहिला.

"भाच्या, खांदा दे रं. माझा लागत न्हाय."

आई आडवी आली. "आरं, परवा तापातनं उठलंय माझं पोरगं. त्येला काय झालं म्हंजे?"

"व्हय आक्का. ठावं हाय मला. तरीबी मागतोय."

आई दारातून बाजूला सरली.

कसेबसे चौघे जमलो, चौघेही तापातून नुकते उठलेले. चढाला तिरडी हेलकावे खायला लागली. बापाचं झालं तेच आता भावाचं होणार, हे मामाच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. हातात विस्तवाचं मडकं घेऊन तो पुढं चालला होता, तो तसाच आमच्याकडं वळला आणि उलटा चालू लागला. "वढ... सोड... वढ... सोड..." जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात. आमचे पाय आपोआप जुळले. तिरडी पाण्यावर असल्यासारखी गेली. एक म्हातारा ओट्यावरून खेकसला, "अय्यो! मयताला कवायत शिकीवतोस व्हय रं?" मामानं तिकडं पाहिलंही नाही. तो आमच्याकडं बघत होता, पण आम्ही चौघेच त्याला दिसत होतो असं मला वाटलं नाही.

त्यानंतर पेठेतलं एकही मयत मामाशिवाय निघालं नाही. उलटं चालताना तो कितीदा गटारात पडला, एकदा तर म्हशीवर; म्हैस चार पावलं तालात चालली. गटारातूनही "सोड" वेळेवर यायचं. लोक हसायचे, आणि आपल्या घरी वेळ आली की त्यालाच बोलवायला धावायचे.

गेल्या थंडीत मामा गेला. एकानं काखेत घालून न्यावा एवढाच उरला होता. तरी खांदा द्यायला आठ जण उभे राहिले. काहिलीतले जे उरले होते ते, जे मानमोडीत गेले त्यांचे भाऊ, आणि माझ्या जागी माझा पोरगा.

"चौघं पुरे की रं," कुणीतरी म्हणालं.

"असू द्यात," मी म्हटलं. "त्याला आठांची सवय हाय."

मामाच्या खालोखाल गल्लीत आवाज माझा, म्हणून मी तोंड त्यांच्याकडं करून पुढं उभा राहिलो. तिरडी उठली. "वढ" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. आयुष्यभर थापा मारताना कधी न अडलेला हा घसा. आठांची पावलं चुकायला लागली, तिरडी हलायला लागली. रिवाजाप्रमाणं सगळे माग थांबलेले, गल्ली चिडीचूप.

एवढ्यात आमच्याच घरातून आलं, खटाक्-खट. माझी म्हातारी आई मागावर बसली होती. मग समोरच्या घरातून आलं. मग त्याच्या पलीकडून. बघता बघता सबंध गल्ली वाजायला लागली आणि आठांचे पाय जुळले.

मी तसाच उघड्या तोंडानं उलटा चालत राहिलो. आठही जण माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या खांद्यांवर, सगळ्यांहून उंच, माझा मामा.