लघुग्रहाचं नाव आणि तांदळातलं नाव

मित्रहो, कॉलेज सोडलं तरी माझं वाचनालय सुटलं नाही. आज सकाळी सांगलीत पेपरात वाचलं, मंगळ-गुरूच्या मधे कुणा शास्त्रज्ञाला एक लघुग्रह सापडला. नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा, म्हणून त्यानं प्रेयसीचं नाव दिलं.

दुपारी शिराळ्यात माझ्या सुमनचं लग्न लागलं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, पार्वती.

मला वाटलं, ताटच उधळावं. दोस्तानं हात धरला, “गप रं गड्या, नांदायचं तिला हाय!”

निघताना मी हाक मारलीच, “सुमन!”

ती वळणार तोच सासू म्हणाली, “पार्वती, चल.”

“जी,” म्हणत ती गेली.

त्या दगडाचं नाव टिकेल. सुमन म्हटल्यावर आता कोण ओ देणार, सांगा?