चुना धुतलेली मडकी

कल्याणरामने मडक्यावरचं फडकं सोडलं. आत फेस होता. आंबूस वास नाकात शिरला. दुसरं मडकं उघडलं, तिसरं उघडलं, तीच गत!

तमिळ मुलखातल्या साक्कोट्टैच्या रस्त्यावर त्याची पदनीरची गाडी होती. पदनीर म्हणजे ताडाचा गोड रस. ताडावर टांगायच्या मडक्याला आतून चुना फासला की रस गोडच राहतो आणि सरकार विकायचा परवाना देतं. चुना लावायचा राहून गेला की रात्रीत रसाची ताडी होते, आणि ताडीला या राज्यात साफ बंदी. चुना कल्याणराम स्वतः फासत असे. कालही फासला, मडकी अंगणात ठेवली आणि तो बाजारात गेला. ताडावर चढणाऱ्या स्वामीनाथला ती बायकोने, गोदाने दिली.

गोदाने! आज एकादशी, पहिलं पदनीर विठ्ठलाला. देवाचं भांडं म्हणून बाईसाहेबांनी सगळी मडकी घासून लख्ख केली असणार. कल्याणरामला बायकोचा असा राग आला की सांगता सोय नाही. आणि नऊ वाजता परवान्याच्या तपासणीला सरकारी साहेब जयकुमार येणार होता! परवाना गेला तर गाडी गेली.

तो एकदा घड्याळ बघे, एकदा रस्ता. शेवटी त्याने एकेक मडकं गटारात ओतलं. शेवटचं पालथं करतो तोच मोटरसायकल थांबली.

जयकुमारने हवा हुंगली. "हे काय?"

"नासलं, सार."

साहेब रिकाम्या मडक्यांत डोकावला. मग त्याने सहीसाठी पेन काढलं. कल्याणरामचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच पदर सावरत गोदा आली. हातात देवापुढच्या पदनीरचा टंबलर.

"सार, विठोबाचा प्रसाद घ्या," ती कौतुकाने म्हणाली. "मीं स्वतः राखेनें मडकीं घासलीं. चुन्याचा डागसुद्धां नाहीं!"

जयकुमारने हात पुढे केला. कल्याणरामने टंबलर मधेच हिसकावला आणि एका दमात रिकामा केला. ताडीचा आंबूस वास नाकात चढला, डोळ्यांत पाणी आलं. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, आणि प्यायला तो एकादशीला, साहेबासमोर.

"अगाई! पाहुण्याआधीं?" गोदा रागावली.

जयकुमारने टंबलरकडे पाहिलं, मग परवान्यावर सही केली.

"यापुढे मडकी ताडावर चढणाऱ्याच्या हातात तुम्हीच द्यायची. कळलं?"

कल्याणरामने तोंड घट्ट मिटून मान हलवली.