भिजवलेलं रबर

डांबरात जुन्या टायरची पूड घातली की रस्ता उन्हात पाघळत नाही, हे पुस्तकात वाचायला सोपं असतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोल्हारजवळच्या आमच्या प्लांटवर ती पूड टाकीच्या तळाशी जाऊन बसायची. नीट मिसळावी म्हणून तेलासारखं एक केमिकल डांबरात ओतायचो, तरी गाठी व्हायच्याच. मी तिथल्या प्रयोगशाळेत होते. डिप्लोमा नुकताच झालेला, प्लांटवर मी एकटी बाई, आणि तोरा सगळ्यांपेक्षा मोठा.

टाकी सांभाळणारे मामा एकदा म्हणाले, “ताई, क्येमिकल डांबरात वतू नका. आदी पुडीला चोळा, रातभर मुरू द्या. डाळ भिजत घालत्यात तसं.” मी हसले. पण गुपचूप करून पाहिलं. गाठी नाहीत, तळाला गाळ नाही!

मामांचं मागणं एवढंच होतं. “हितलं काम सपलं की प्लांट हलनार. युक्ती माजी हाय म्हनून सायबास्नी सांगा, मंग मला कायम ठिवतील.” मी शब्द दिला.

मोठे साहेब पाहणीला आले, खूश झाले. बर्नरच्या घरघरीत ओरडून त्यांनी विचारलं, “कल्पना कुणाची?” चुकून तोंडातून निघालं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. साफ खोटं आहे ते. मी पुरता विचार करून म्हणाले, “माझीच, सर.” लांब उभ्या मामांकडे बोट करून त्यांनी विचारलं, “आणि ते?” “टाकीवरचे कामगार,” मी म्हणाले. साहेबांनी मामांकडे बघून हसत मान हलवली. मामांनी दोन्ही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी पिशवीभर पेरू घेऊन आले. “सायेब माज्याकडं बघून हासलं, ताई. तुमी शब्द पाळला. घरी लई आनंद झाला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं सांगितलं नाही. पेरू घेतले, खाल्लेही.

महिन्याभरात प्लांट हलला. मला बढती मिळाली. शेवटच्या दिवशी मामा फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “सायबाचा निरोप आला की कळवा.”

मी म्हणाले, “कळवते, मामा.”