मागच्या दाराचं चाक

नातवाने नवीन गाडी घेतली. उंच, जाड टायरांची, डोंगरात चढणारी म्हणे. आम्ही राहतो मनवेलपाड्यात, बिल्डिंगीत. तिच्या मागच्या दाराला जादा चाक टांगलेलं आहे. माझी बायको वारली, तिच्या दहाव्याला त्याच गाडीतून तळ्यावर गेलो. सगळे उतरून पुढे गेले. मी मागच्या दारापाशी थांबलो आणि बिजागरीला हात लावून बघितला. जाड आहे. दार उघडून मिटून बघितलं. लोंबत नाही. सून म्हणाली, "बाबा, तिथे काय करताय? भटजी खोळंबलेत." मी गेलो. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

असं दार मी एकदा केलं होतं. वाईट केलं होतं.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपा लिलावात निघाल्या. त्यांना आम्ही डिस्पोजलच्या गाड्या म्हणायचो. मी ज्यांच्या वाडीत कामाला होतो त्या भाऊंनी पुढे काही वर्षांनी तसली एक जुनीपानी जीप घेतली, केळी स्टेशनावर न्यायला. मी चौथी शिकलेला, पण लोखंडाचं काम येत होतं. गाडी चालवायलाही शिकलो.

जीपला मागे दार नव्हतं. सलग पत्रा, आणि त्या पत्र्यावरच जादा चाक बसवलेलं. केळीचे लोंगर, म्हणजे अख्खे घड, वरून उचलून आत सोडावे लागायचे. केळं मार खातं आणि दुसऱ्या दिवशी काळं पडतं. भाऊ म्हणाले, "पत्रा काप, दार कर."

"आणि चाक कुठं ठेवू? आत?"

"आत ठेवलंस तर लोंगर काय तुझ्या डोक्यावर ठेवू?"

म्हणून चाक दारावरच राहिलं. पत्रा कापला, त्याचंच दार केलं, आतून लोखंडी पट्टी मारली आणि वाडीच्या फाटकाच्या दोन जुन्या बिजागऱ्या लावल्या. चूक तिथेच झाली. फाटकाला पाऊण मणाचं चाक कोणी टांगत नाही. महिनाभरात दार खाली लोंबलं. कडी भोकात बसेना.

हिने ते बघितलं. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ही चिंचोटीकडची, भातशेतीवाल्यांची. म्हणाली, "एकाच बाजूला हंडा लावलेली कावड कुनी बगितली का?"

मी म्हणालो, "तू चूल बघ."

बिजागऱ्या बदलायला एक दिवस लागला असता. मी बदलल्या नाहीत. बायकोने दाखवलेली चूक होती ना. दार केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या ओल्या पट्टीने, आवळून बांधलं. वाडीत आम्ही सगळं सोपानेच बांधायचो, पानाचे वेल, भाजीच्या जुड्या, मोडलेली शिडीसुद्धा. ओलं असतं तोवर ते साखळीसारखं धरतं. आमची वाडी गर्द सावलीची, खाली सारखं पाणी फिरवलेलं. तिथं सोप लवकर सुकत नाही. स्टेशनापर्यंतचा रस्ताही सावलीचा. त्यामुळे माझं काम चालून गेलं.

भात झोडून झाल्यावरचे दिवस होते. एका सकाळी हिच्या माहेरचा गाडीवान पेंढा घेऊन आला आणि वाडीच्या दारातूनच हिला म्हणाला, "आयस जाते तुझी. तुझंच नाव घेते. उन्हं कलायच्या आत ये." हिला बाप नव्हता. भाऊ एक, आणि आई.

वाडीवाल्या भाऊंनी जीप दिली. मी मागितली नव्हती. ते म्हणाले, "ने. पन चाक सांभाळ. तसलं दुसरं मुंबईत मिळायचं नाही. चाक गेलं तर गाडी उभी, आणि गाडी उभी तर तू उभा."

दार मी ताज्या सोपाने बांधलं आणि निघालो. ही पुढे माझ्या शेजारी बसली. गाडीत पहिल्यांदाच बसली होती. दोन्ही हातांनी समोरची पट्टी धरून होती. रेल्वेचं फाटक ओलांडलं, वालीव मागे पडलं. तिकडे तेव्हा कारखाने नव्हते, कापलेली शेतं आणि बैलगाडीची चाकोरी. झाड नाही. ऊन सरळ अंगावर. गाडीचा आवाज एवढा की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येईना.

इंजिन तापलं म्हणून पाणी घालायला थांबलो. मागे गेलो तर दार नाही. सोप सुकून दोरा झालं होतं, गाठ उघडी. बिजागऱ्यांचे तुकडे तेवढे पत्र्याला. दार चाकासकट कुठेतरी मागे पडलं होतं.

"उतरू नको," मी म्हणालो. "गाडी फिरवतो. चाक पडलंय."

"किती लांब?"

"काय माहीत."

"आदी मना सोडा. मग हुडका."

"तोवर कोणी उचलून नेलं तर?"

तिथून तिचं घर दीड कोस असेल. सोडून परत यायला मला कितीसा वेळ लागला असता. पण मला दिसत होते फक्त भाऊ. मी स्टिअरिंगवर बसलो आणि गाडी मागे-पुढे करायला लागलो. ही उतरली. पदर खोचला.

"फिरवा तुमची गाडी," ती म्हणाली. "माजी आयस थांबाची नाय." आणि बांधावरून सरळ चालू पडली. मी हाक मारली नाही.

बरंच मागे आल्यावर दार सापडलं, ओहोळाच्या काठाला. एक म्हातारा म्हशी चारत होता, तो चाकावर बसून विडी ओढत होता.

"तुजा काय रं? मना वाटलं इमानातून पडलं. लढाई परत लागली का?"

"बाबा, उठ. घाई आहे."

"घाई हाय तर ढिला कनाला बांदला?" तो उठला, चाक उचलायला हात लावला, मग गाडीत डोकावून बघितलं. "जाताना बाय होती ना तुज्या शेजारी? ती पन पडली का?"

मी चाक आणि दार आत टाकलं.

चिंचोटीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. हिची भावजय विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. तिनेच सांगितलं. वन्सं आल्या तेव्हा सासूबाई शुद्धीवर होत्या, आम्हाला बाहेर जा म्हणाल्या, लेकीला जवळ घेऊन बोलल्या. आता बोलणं बंद झालं.

मी आत गेलो. आईचं डोकं हिच्या मांडीवर होतं. डोळे मिटलेले, श्वास चालू. हिच्या पायांना करवंदीचे ओरखडे होते, धूळ गुडघ्यापर्यंत. तिने वर बघितलं.

"मिलला चाक?"

"मिळालं."

"बरं झाला."

टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. आई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

नंतर मी लोहाराच्या भट्टीवर तीन जाड बिजागऱ्या ठोकून घेतल्या आणि दाराखाली टेकू दिला. चाकाचं वजन त्या टेकूवर आलं. दार परत कधी लोंबलं नाही. भाऊंना ती हकिगत मी सांगितली नाही, आणि हिनेही कोणाला सांगितली नाही, मला बोलूनसुद्धा दाखवली नाही. पन्नासाच्या वर वर्षं संसार झाला. मुलं झाली, जमिनी गेल्या, बिल्डिंगी आल्या. भांडणं पुष्कळ झाली. भांडणात ही माझ्या आईपासून माझ्या घोरण्यापर्यंत सगळं काढायची. ते कधी काढलं नाही.

आई तिच्याशी काय बोलली ते मी विचारलं नाही. सुरुवातीला तोंड नव्हतं, मग राहूनच गेलं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, मला वाटतं. तिच्याशिवाय ते कोणी ऐकलेलं नव्हतं.

या वर्षी ती खाटेला लागली. बोलत होती तेव्हा एक दिवस शेजारी बसलो. घरात दुसरं कोणी नव्हतं. विचारायचं म्हणूनच बसलो होतो. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी विचारलं, "पेज घेतेस का थोडी?"

तिने नको म्हणून मान हलवली.