सोळा मात्रांची शांतता

आधीच सांगून टाकतो – आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून अंगारे-धुपारे बंद. देवालाच रजा दिली, तिथं भुताला कोण विचारतो! त्यामुळे हे वाचून हसलात तर माझी हरकत नाही. मी स्वतःही बरीच वर्षं हे हसण्यावारी नेत होतो... जमलं नाही.

आमचं गाव तामलवाडीपासून दोन कोसांवर. बहात्तरच्या दुष्काळात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मी सात वर्षांचा, तिच्या शेजारी बसलेला. हातोड्याच्या ठेक्यावर ती एक ओवी म्हणायची – ‘खडी फोडीता फोडीता, हात दगडाचा झाला...’ त्याच उन्हाळ्यात ताप डोक्यात जाऊन ती कामावरच वारली. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन पुण्याला आले आणि एका संगीतशाळेत शिपाई म्हणून लागले. तिथंच मी व्हायोलिन शिकलो.

ओवीची पहिली ओळ तेवढी मला आठवते. दुसरी गेली. अण्णांना किती वेळा विचारलं! विषय काढला की ते उठून पाणी भरायला जात, नळाला पाणी नसलं तरी. चौदा वर्षांत आईबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

शहाऐंशी साली मी व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि चेलो या तीन वाद्यांसाठी एक रचना लिहिली – आमच्या गाव सोडण्यावर. त्यात पहिली ओळ व्हायोलिनवर, आणि दुसरीच्या जागी काहीच नाही. तिघांच्याही कागदावर सोळा मात्रा विश्रांती. मनातल्या मनात मोजायचं आणि एकदम उचलायचं. पंधरा सेकंद होतात फार तर. खरं सांगतो, तो माझा डाव होता. पहिली ओळ ऐकून अण्णांच्या तोंडून दुसरी आपोआप निघेल... एवढ्यासाठीच त्यांना गावी नेलं.

गावातच राहिलेल्या माझ्या आत्यानं दूध संस्थेची खोली मिळवून दिली. सकाळी लोकांचं दूध घालून झाल्यावर, दहाच्या सुमारास, आम्ही तिथं बसलो – मी, क्लॅरिनेटवर फ्रान्सिस, चेलोवर सुनंदा. समोर सतरंजीवर अण्णा, आत्या आणि पाच-सहा म्हातारी माणसं. टेपरेकॉर्डर फॅट बघायच्या मशीनशेजारी ठेवला.

“ढोलकी न्हाय व्हय रं?” आत्यानं विचारलंच.

पहिली ओळ वाजवली. थांबलो. सोळा मोजले. तिघांनी एकदम उचललं, अगदी सफाईनं. अण्णा गप्पच. मनात म्हटलं, डाव फसला.

संपल्यावर बघतो तर अण्णांचे गाल ओले.

“पुरी म्हणली तिनं,” ते म्हणाले.

“कुणी?”

“तुज्या आईनं. दुसरं कोण म्हणणार?”

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, “मला तर काई ऐकू आलं न्हाय बाबा. पर तुमी तिघं मधी केवढा येळ गप बसलाव! म्या उठून भायेर गेले, रिकामे कॅन सावलीला ओढले, परत येऊन बसले, तरी तुमी आपले गपच.”

पंधरा सेकंदांत? शक्यच नाही. आम्ही तिथंच कॅसेट मागं घेतली. पहिली ओळ. मग शांतता. मग कॅन फरशीवरून ओढल्याचे आवाज – एक, दोन, तीन, चार. कुणाचा तरी खोकला. आणि मग आम्ही तिघं, एकदम. फ्रान्सिसनं घड्याळ लावून मोजलं. तीन मिनिटांना जरासं कमी. गाणं कुठंच नाही.

“मी सोळाच मोजले,” सुनंदा म्हणाली. फ्रान्सिसनंही सोळाच. मीही. एखादा चुकला असता तर समजलं असतं. तिघंही चुकलो, तर पुन्हा एकत्र कसे आलो? कॅसेट अडकली म्हणावं, तर आत्याचे कॅन त्यात स्पष्ट ऐकू येतात. आणि एवढी सगळी माणसं समोर असताना आम्हाला कुणी हटकलंही नाही... डोकं चालेना.

मला भीती नाही वाटली. राग आला. लहान पोरासारखा राग आला.

“अण्णा, मला का नाही ऐकू आलं?”

“तू मोजत व्हतास, बाळा.”

“मग तुम्ही म्हणून दाखवा ना. एकदाच.”

ते चक्क हसले. “ती म्हणून गेल्यावर म्या काय म्हणू?”

परतीच्या एसटीत सोलापूर येईपर्यंत ते आईबद्दलच बोलत होते. तिचं रुसणं, तिच्या हातची अंबाडीची भाजी, तिनं एकदा मुकादमाला कसं झापलं ते. ओवी सोडून सगळं. तीन वर्षांनी ते गेले, दुसरी ओळ बरोबर घेऊन.

कॅसेट अजून माझ्याकडं आहे. पुष्कळांना ऐकवली. कुणी म्हणतं तिघांना एकदम डुलकी लागली, कुणी म्हणतं अण्णांना भास झाला. असेलही. मला तीन मिनिटांचा हिशेब आजतागायत लागलेला नाही, आणि तो लागला नाही तरी चालेल. माझं दुखणं वेगळं आहे. ती आली असेल, तर मी तिथंच, हातभर अंतरावर होतो.

ती रचना आम्ही नंतरही खूपदा वाजवली. त्या जागी आता मी मोजत नाही. सुनंदानं मान हलवली की उचलतो. तोवर नुसता कान देऊन बसतो... अजून तरी काही ऐकू आलेलं नाही.