हसनभाईंचं उलटं स्टिअरिंग

हसनभाई गेले ते पलंगाखालची चप्पल पायाने चाचपत. त्यांच्या शेजाऱ्याने माझ्या ऑफिसात येऊन हे सांगितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी आधी हसलो… आणि मग मला खुर्चीत बसवेना. पलंगावर पडून मरण्याइतका धीर या माणसाला होताच कुठे?

रत्नागिरीकडच्या तांडेलाचा हा मुलगा कुवेतमध्ये मेकॅनिक होता आणि मी कारकून. एका गोऱ्या इंजिनीअरने विलायतेहून सुट्या भागांची मोटार मागवली, अन् ती न जोडताच तो मायदेशी गेला. ते खोकं हसनभाईंनी उचललं. खदिजाभाभी पहिल्यांदाच आगबोटीने येणार होत्या आणि बंदरावरून बायकोला स्वतःच्या गाडीतून घरी नेईन, असं हे सासुरवाडीत सगळ्यांसमोर बोलून बसले होते. सासऱ्यांनी नुसतं 'बघू' म्हटलं होतं. त्या 'बघू'ने यांना सुखाने जेवू दिलं नाही. सालमियाच्या किनाऱ्यावर, पत्र्याच्या शेडमागे ते उभ्याउभ्याच खात आणि घासागणिक एक नट आवळत. गाडी तयार झाल्यावर वाळूत तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. मला गाडी चालवता येत नव्हती. मी शेजारी डोळे मिटून बसायचो.

बोटीच्या दोन दिवस आधी तपासणी होती. ट्रॅफिकच्या हवालदाराने टायर दाबून, हलवून पाहिले, खूश झाला आणि स्वतः चालवायला बसला. फाटकाकडे जायला त्याने स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवलं, तर गाडी डावीकडे वळून वाळूच्या पिंपाला भिडली. तो खाली उतरला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"माझी गाडी नाय चुकत, सायबाचा हात चुकतो," हसनभाई मराठीत पुटपुटले. मी हवालदाराला सांगितलं, माफी मागतोय.

उलगडा झाला तेव्हा हसनभाई वाळूतच बसले. विलायती गाडीचं उजवीकडचं चाक तिथल्या रस्त्यांसाठी डाव्या बाजूला आणताना, त्याचं वळण टायरांपर्यंत नेणारी खालची दात्यांची पेटी उलटी बसली होती. दुसऱ्या कुणालाही पहिल्याच वळणाला कळलं असतं. पण यांचा हात लहानपणापासून बापाच्या हाताखाली, होडीच्या सुकाणूवर. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. त्यांना ते बरोबरच वाटलं होतं.

पेटी त्याच दिवशी सरळ झाली. हात होईना. आता गाडी बरोबर आणि मालक उलटा. त्यातून हवालदार दुसऱ्या दिवशी म्हणाला, मालकाने चालवून दाखवावी. पण हसनभाईंनी वळणाआधी चाकावरून हात उचलले, क्षणभर अधांतरी धरले… आणि मग बेताने फिरवले. प्रत्येक वळणाला तसंच. हे काय, असं हवालदाराने विचारल्यावर मी सांगून टाकलं, दुआ मागतोय. तो प्रसन्न झाला. शिक्का बसला.

"खोटं नाय बोललास, कारकुना," हसनभाई घाम पुसत म्हणाले.

बंदरावरून परतताना मी मागे बांधलेल्या ट्रंकेला धरून लोंबकळत होतो. पहिल्या वळणाला हात उचललेले पाहून भाभींनी विचारलं, हे काय करता?

"बाबांचा हात बाजूला करतोय."

ते पुढे आयुष्यभर सुटलं नाही. कुलूप, नळ, काहीही फिरवायचं तर हात आधी अधांतरी.

परवा भेटायला गेलो. नवरा गेल्यावर परक्या पुरुषासमोर न येण्याचे दिवस, इद्दत चालू, म्हणून भाभी पडद्याआडून बोलत होत्या. मी सारखा उठत-बसत होतो. उकडतंय का भावजी, असं विचारून पंखा लावायला त्यांचा हात तेवढा बाहेर आला. फिरवायच्या बटणाला लागला, पुन्हा उचलला गेला, अधांतरी थांबला…

"त्यांचा हात बाजूला होऊ देते," भाभी म्हणाल्या. पंखा मात्र बराच वेळ सुरू झाला नाही.