सुनीता गावाला चालली

मंडळी, आज सकाळी आमच्या सुनीताने पोळ्या लाटता लाटता सांगितलं, "दीदी, अगले महीने से मैं नहीं आऊँगी."

गुरुग्रामला आल्यापासून माझं ऑफिस आणि आईचं पथ्यपाणी तिच्याच जिवावर चाललंय. मी लगेच पगार वाढवते म्हटलं. ती नुसती हसली.

तिचं गाव बुंदेलखंडात. जमीन एवढीशी, पिकेल ते घरातच खायचं. पण बियाणं-खताला रोख पैसा लागतोच. म्हणून नवरा शेतावर, ही इथे आणि लहानगी लेक गुड्डी आजीपाशी. आता सरकारी मदत थेट त्यांच्या खात्यात येते. यंदा बियाणं त्यातूनच आलं, पेरणी वेळेवर झाली, गहू वर्षभर पुरेल म्हणाली.

"पिछली बार घर गई तो गुड्डी ने मुझे मौसी बोला, दीदी."

तव्यावरची पोळी करपली. मीच गॅस बंद केला आणि म्हटलं, "जा तू. खुशाल जा."

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर मी नव्या बाईसाठी विचारलं, कारणही लिहिलं. एकाचं लगेच उत्तर आलं: फुकट पैसा मिळाला की ही माणसं काम सोडतात.

खरं सांगते, कालपर्यंत मीही मान डोलावली असती. आज लिहिलं, "सुनीता कामावरच चाललीय, स्वतःच्या शेतात. आणि संध्याकाळी लेक जवळ असेल."

तुम्ही काय लिहिलं असतं?